मधलं अंतर

— अहो, उठताय कुठे? बसा. बसा म्हणजे मागे टेका, खुर्ची मी करते आडवी. पलीकडचे डॉक्टर आज नाहीत तर नाहीत, मी आहे ना — आणि बाहेर ताईंनी तुम्हाला काय सांगितलं तेही ऐकलंय मी, 'बाई त्यांच्या पेशंटला हात लावत नाहीत'. खरं आहे ते. नाही लावत. सहा वर्षांत नाही लावला. मी त्यांच्या पेशंटला नाही, ते माझ्या पेशंटला नाहीत, ठरलेलं आहे आमचं तसं. पण तुमचं तात्पुरतं सिमेंट पडलंय ना? कशानं? बिस्किटानं? बिस्किटानं पडलं! बरं, मग आता दाढेत एवढं भोक घेऊन घरी जाणार आणि गाल धरून बसणार, त्यापेक्षा मोडू दे की एक दिवस नियम. आणि खरं सांगू का सर, तुम्हाला एकदा ह्या खुर्चीत धरायचंच होतं मला. नाही हो, घाबरू नका, हसतेय मी. मास्कमुळे दिसत नाही एवढंच.

आ करा. मोठा. अजून — भाषणात केवढं उघडत होतं हे तोंड, आज काय झालं? हं, असं. खालची, उजवी, शेवटून दुसरी. रूट कॅनाल अर्धवट. हिरडी नाजूक दिसतेय, थोडी भूल देते, म्हणजे तुम्हीही सुखी, मीही सुखी. दुखलं तर डावा हात वर करायचा, मी थांबेन. — अजून टोचलंच नाही, सर. हात खाली. कोट्यवधी मैलांवरच्या गोष्टी बघता तुम्ही आणि एवढ्याशा सुईला — हं, झालं. बघा, झालंसुद्धा. आता ओठ जड होईल, जीभ जड होईल, बोलायला जाऊ नका, लाळ गळेल. नुसतं ऐका. भूल चढेपर्यंत तुमच्याशी माझं एक भांडण आहे, ते उरकून घेते.

त्या रविवारचं. शाळेच्या हॉलमधलं. मी आले होते हे तुम्हाला माहीतच आहे, तिथूनच तर सुरुवात. आमच्या टिकलीनं ओढून नेलं मला — टिकली म्हणजे माझी मुलगी, अठरा पूर्ण झाली तरी टिकलीच — तिला वेड आहे ताऱ्यांचं, भिंतीवर नकाशे, छतावर नकाशे, मला म्हणाली, आई, सर जोडताऱ्यांवर बोलणार आहेत, ग्रह कसे तयार होतात त्यांच्याभोवती, चल. आले. आणि छान चाललेलं होतं हो सगळं! दिवे बंद, पडद्यावर चित्रं. आपला सूर्य एकटा आहे, म्हणालात, पण त्याच्यासारखे निम्मे तरी जोडीनं राहतात. एकमेकांभोवती फिरतात — म्हणजे खरं तर कुणीच कुणाभोवती फिरत नाही, दोघांच्या मधे एक बिंदू असतो, तिथे काहीही नसतं, आणि त्या काहीही नसलेल्याभोवती दोघं आयुष्यभर फिरतात. हे आवडलं होतं मला, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही म्हणालात, कधी कधी दुरून जोडी वाटते पण ती जोडी नसतेच, एक तारा पुढे, एक कितीतरी मागे, नुसते एका रेषेत आलेले असतात, म्हणून दिसण्यावर जाऊ नये. आणि हे सांगून पाणी प्यायलात, दिवे लावायला सांगितलेत, आणि त्या भरल्या हॉलमधे, तोंडभर हसून — 'आज आपल्यात एक डॉक्टर दांपत्य आलेलं आहे, आपण त्यांनाच तारे करू या!'

दांपत्य! सर, हॉलमधे केवढी शांतता पसरली, आठवतंय? तुम्हाला वाटलं, लोकांना उत्सुकता लागली. लोकांना कसली उत्सुकता, लोक आमच्या तोंडाकडे बघत होते. सगळ्यांना माहीत, आमचं वेगळं होऊन सहा वर्षं झाली. फक्त तुम्हाला माहीत नाही. का, तर तुम्ही पाटी वाचली. दवाखान्याबाहेरची पाटी, दोन डॉक्टर, एक आडनाव. दुर्बिणीतून काय काय शोधून काढणारा माणूस, आणि आमच्याकडे पाटी वाचून मोकळा! आता पाटी का बदलली नाही म्हणाल — राहून गेली. रंगारी मिळत नव्हता. म्हणजे पहिल्या वर्षी मिळत नव्हता. मग सवय झाली. हसू नका, हसलात तर गालाच्या आत चावाल, कळणारही नाही.

मी उठणारच नव्हते. पण ते उठले ना. शेवटच्या रांगेतून, शर्टाची बाही नीट करत, असे चालत आले जणू ह्यांचा सत्कारच आहे — ह्यांना लोकांसमोर कुणाला नाही म्हणता येत नाही, पहिल्यापासून नाही. ह्यांना म्हणजे पलीकडच्या डॉक्टरांना. मग मी काय करणार? बसून राहिले असते तर आणखी तमाशा. आले. तुम्ही आधी आम्हाला खांद्याला खांदा लावून उभं केलंत. खांद्याला खांदा! आणि लहान पोरं सोडलीत भोवती, धूळ म्हणून. तारे अगदी जवळजवळ असले की बाहेरून बघणाऱ्याला ते जवळपास एकासारखेच, धूळ दोघांभोवती फिरते, मधे तेवढी रिकामी जागा राहते, आणि ग्रह तयार होतात ते तिच्या बाहेर, लांब, निवांत, मग हळूहळू आत सरकतात आणि त्या रिकाम्या जागेच्या काठाशी थांबतात. पोरं छान फिरली. मग आम्हाला हॉलच्या दोन टोकांना पाठवलंत. तेही छान. माझी पोरं माझ्याभोवती, त्यांची त्यांच्याभोवती, पलीकडचा तारा म्हणजे लांबचा एक दिवा, त्याचा त्रास नाही. आणि मग आम्हाला मधल्या अंतरावर आणून दोरी काढलीत.

दोरीचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. लाल रिबन बांधलेली, तो तुमचा मधला बिंदू. पण ती मधोमध नव्हती! माझ्याकडे सरकवलेली होती. का हो? तर, 'जो तारा जड, तो ह्या बिंदूच्या जवळ.' सगळ्या हॉलसमोर, सर. वजनकाटा तरी घरातल्या घरात असतो. आणि ते खाली मान घालून हसत होते, मी बघितलं. बरं, फिरायला लागलो. मोठं रिंगण त्यांचं, लहान माझं, त्यांना भराभर पावलं टाकायला हवीत, नाहीतर दोरी वाकडी होणार — पण ते सावकाश चालले. कारण माझा डावा गुडघा. तो तसा फिरताना दुखतो हे कुणाला माहीत नाही, मी कुणाला सांगतही नाही. ते सावकाश चालले, आणि तुम्ही ओरडताय, 'डॉक्टर, वेग वाढवा, वेग वाढवा!' त्यांनी नाही वाढवला. असो. ओठ जड झाला का? टाचणी लावते. कळतंय? नाही ना. चला, आ करा.

हे उरलेलं सिमेंट काढते आधी. आवाज होईल, दुखणार नाही. — काय सांगत होते? हां, धूळ. ते तुमचं मला लगेच पटलं बरं का, धुळीचे कण एकमेकांना चिकटतात, त्याचे खडे, खड्यांचे डोंगर, डोंगरांचे ग्रह. टिकलीला वाटलं, आईला काही कळणार नाही. अगं, मी हे रोज बघते! टार्टर, सर, टार्टर. दातांच्या मागे, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे आधी मऊ थर बसतो, कुणी ढवळलं नाही की थराचा दगड होतो. तुमच्या ग्रहाला आणि माझ्या टार्टरला एकच गोष्ट लागते, कुणी हात न लावणं. तुमच्याच खालच्या दातांमागे दोन-तीन ग्रह छान वाढलेत, दिसतायत मला इथून. घासता की नुसता ब्रश फिरवता? फिरवता. वाटलंच.

पण दुसरा तारा मधल्या अंतरावर असला की तो सारखा ढवळत राहतो. कण चिकटायच्या ऐवजी एकमेकांवर आपटतात, फुटतात, पुन्हा धूळ. ताऱ्याभोवतीची धुळीची तबकडी बाहेरून कातरली जाते, माल कमी पडतो, वेळही कमी पडतो. तसंच झालं ना त्या दोरीच्या वेळी? पोरं दोरीखालून जातायत, वरून उड्या मारतायत, ह्याचं डोकं त्याला, त्याचं कोपर हिला, आणि त्यातल्या एका मुलीचा हलणारा दुधाचा दात पडला. रक्त बघून ती जी किंचाळली! आणि आम्ही दोघं — दोरी टाकली आणि दोघंही धावलो, दोघंही एकदम वाकलो, आणि आपटलं डोक्यावर डोकं, ताडकन. बघा, इथे अजून टेंगूळ आहे. म्हणजे आता गेलंय, पण होतं. मी मुलीचं तोंड उघडलं, त्यांनी हनुवटी धरली, मी रुमाल म्हणायच्या आत रुमाल पुढे. दोन मिनिटांत मुलगी हसायला लागली. ती पेशंट कुणाचीच नव्हती ना, न माझी, न त्यांची. म्हणून चाललं.

आणि तेवढ्यात आमची टिकली उभी राहिली. गोंधळ चालू आहे, लोक हसतायत, आणि ही खुर्चीवरून उठून, मोठ्यानं, 'सर, म्हणजे सगळ्यात वाईट अंतर कुठलं?' आणि तुम्ही! तुम्हाला एवढा आनंद झाला कुणीतरी बरोबर प्रश्न विचारल्याचा, दोन्ही हात वर करून म्हणालात, 'मधलं! धड जवळ नाही, धड लांब नाही, ते मधलं! त्यात बिचाऱ्या ग्रहाचं काही खरं नाही!' टाळ्या. सगळा हॉल हसला. तिघं सोडून. मी, ते आणि ती. हात वर का करताय? दुखतंय? नाही? मग काय, माफी मागताय? राहू दे, खाली घ्या.

नाही, तुम्हाला काय माहीत हो. तुम्हाला तेव्हा हे तरी कुठे माहीत होतं की वेगळं होऊनही आम्ही एकाच दवाखान्यात आहोत, ह्या बाजूला माझी खोली, त्या बाजूला त्यांची, मधे बाकडी आणि ताई. एक्स-रेचं मशीन एकच, ते मधल्या खोलीत, म्हणून दोघांनी इथेच राहायचं असं ठरलं. कुणी ठरवलं म्हणजे — मीच म्हटलं, मशीन हलवलं तर बिघडेल. मशीन काही बिघडत नसतं, सर, चाकं असतात त्याला. पण त्यांनीही विचारलं नाही. ते राहतात पुढच्या गल्लीत, टिकली माझ्याकडे, रविवारी त्यांच्याकडे. सकाळी त्यांच्या खोलीचं शटर वाजतं, मग मी माझं उघडते. ते शिंकले की मला ऐकू येतं. मी चिडले की त्यांना ऐकू येतं, कारण लगेच त्यांच्याकडचा पंखा मोठा होतो. आता हे अंतर कुठलं म्हणाल तुम्ही? बोलू नका, मला माहीत आहे कुठलं. मोजून मापून तुमचंच आहे.

त्या संध्याकाळी जेवताना टिकली म्हणाली — रागानं नाही हो, भाजी वाढता वाढता — आई, बाबांना त्या लांबच्या हॉस्पिटलनं बोलावलंय ना केव्हापासून, जाऊ दे त्यांना. एकतर एकत्र राहा, नाहीतर खरंच लांब राहा. मला हे मधलं नको. मी म्हटलं, तुझ्या सरांचं डोकं फिरलंय. तर म्हणते, सर ताऱ्यांबद्दल बोलत होते, मी तुमच्याबद्दल बोलतेय. बघा आता. पोरगी जिंकली. आणि बहुतेक त्यांनाही तिनं हेच ऐकवलं असणार, कारण सोमवारी सकाळी, मधल्या खोलीत, ताईंना सांगितल्यासारखं करून पण आवाज मुद्दाम मला ऐकू येईल असा, 'ताई, आता नवीन पेशंट घेऊ नका माझ्यासाठी. हातातली कामं संपली की मी निघालो.' रात्रभराचा प्रवास आहे तिथे जायला, सर. मोठं हॉस्पिटल आहे, चांगलं आहे, स्वतंत्र खोली, सगळं. आज तेच बघायला गेलेत. उद्या येतील.

म्हणून म्हटलं, भांडण आहे. तीन वाक्यं बोललात आणि माझा — आमचा दवाखाना मोडलात. आणि वर तुमचीच दाढ! त्यांची सगळी कामं संपली, एकेक करून, रोज ताई सांगतात, आज अमक्यांचं झालं, आज तमक्यांचं झालं. राहिलं कोण? राहिले तुम्ही. शेवटचा पेशंट, शेवटची दाढ. हॉस्पिटलला कळवलंय त्यांनी, एक रूट कॅनाल बाकी आहे, ते झालं की येतो. अर्धवट टाकून जाणारा माणूस नाही तो. म्हणून आज ताई म्हणाल्या ना, सरांचं सिमेंट पडलंय, काय करू — तेव्हा मी मनात म्हटलं, आण त्यांना इकडे. आज मीच भरून टाकते ही दाढ. जायचं आहे ना? जा की! तुमचं काम मी संपवते, मोकळे व्हा, मशीन घेऊन जा हवं तर, चाकं आहेत. काय समजतात काय. मला काय फरक पडतो. माझी खोली आहे, माझे पेशंट आहेत. पंखा तेवढा वाजायचा नाही. — थांबा, लाळ ओढून घेते. डोळ्यांना काही नाही झालेलं माझ्या, हा मास्क वर सरकतो, त्याची वाफ.

हं. निघालं सिमेंट. आता बघू आत काय करून ठेवलंय ह्यांनी — अगं बाई. बघा, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. भोक बघा कसं पाडलंय, जेवढं हवं तेवढंच, एक कण जास्त नाही. कॉलेजात आम्ही शेजारी शेजारी बसून काढलेल्या दातांवर शिकायचो, माझी दाढ म्हणजे विहीर व्हायची आणि त्याची अशी. सगळी मुलं म्हणायची, हा दाताला विचारून कोरतो. मी चिडायचे. मग एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी दाढ फुटली, तर ह्यानं गुपचूप स्वतःची माझ्यासमोर सरकवली आणि माझी फुटकी घेऊन बसला. काय म्हणणार अशा माणसाला? लग्नच केलं मी. पुढे काय बिनसलं ते विचारू नका, विचारता येतही नाहीये तुम्हाला म्हणा. मोठं काही नाही. दोघांनाही शेवटचा शब्द लागायचा. घरात तोच, दवाखान्यात तोच, दिवसभर ढवळाढवळ. चिकटायच्या ऐवजी आपटणं.

एक विचारू का, सर? नुसती मान हलवा. तुमच्या त्या मधल्या अंतरावर — एकही ग्रह नसतो का हो? म्हणजे नियम कळला मला, अवघड असतं, धूळ फुटते, माल कमी पडतो, सगळं कळलं. पण एखादा? एखादा सापडलाय की नाही कुठे, दोन ताऱ्यांच्या त्या तसल्या अडनिड्या जोडीत, धडधाकट, गोल, आपला फिरतोय? — आहे? — खरंच आहे? मग ते का नाही सांगितलंत भाषणात! हे सांगायला नको का, माणसं ऐकत असतात! आहे म्हणे. मला वाटलंच होतं. कारण आमची बघा की. काय कमी आहे टिकलीत? हसते, भांडते, अभ्यासात पहिली, हट्टी माझ्यासारखी, नीटनेटकी त्यांच्यासारखी. झाली की तयार. सहा वर्षं आम्ही दोन बाजूंनी ढवळतोय आणि ही मधून वाढली ती वाढलीच. दोन महिन्यांनी ती कॉलेजला जाईल, तिच्या ताऱ्यांकडे. मग मधलं काय आणि लांबचं काय, तिला त्याचं काही नाही. मग हे अंतर मी मोजतेय ते कुणासाठी — आ करा हो, मिटू नका तोंड. बोलतेय मी, तुम्ही का मिटताय.

आता धुऊन घेते दाढेच्या मुळांतल्या नळ्या आणि कागदाची काडी घालून बघते. बारीक असते, कळणारही नाही. आत ओल असली, पू असला, रक्त असलं की काडी भिजते, मग भरता येत नाही, पुन्हा औषध घालून थांबायचं. कोरडी आली की त्याच दिवशी भरून मोकळं व्हायचं. हे शिकवलं त्यानंच मला, कोरडा दात थांबवून ठेवू नये, उगीच उघडा राहतो. बघू. पहिली — कोरडी. छान. दुसरी — कोरडी. वासही नाही. तिसरी — खडखडीत. वा. म्हणजे भरून टाकायची आज. म्हणजे — एक मिनिट.

एक मिनिट हं, सर. मागच्या वेळी आला होतात तेव्हा दुखत होतं? नाही? सूज? नाही. मग काय केलं त्यांनी? उघडलं, धुतलं, हे पांढरं औषध भरलं, बंद केलं, बरोबर? आणि त्याच्या आधीच्या वेळी? तेच? दुखत होतं तेव्हा? तेव्हाही नाही. आणि त्याच्या आधी? — किती वेळा आलात तुम्ही ह्या एका दाढेसाठी? बोटं दाखवा. पाच? पाच! अहो, हा माणूस दोन वेळेत संपवतो! आख्ख्या गावात जबड्याला सूज आलेल्यांची दाढ हा दोन वेळेत संपवतो, आणि तुमची, ह्या सरळ नळ्यांची, कोरड्या ठणठणीत दाढेची — पाच वेळा? आणि काय म्हणाले? 'अजून एकदा बघू'? हेच शब्द? दर वेळी? आणि तुम्ही विचारलं नाहीत? ह्या वयात एवढे शिकून पाच वेळा तोंड उघडलंत आणि एकदाही विचारलं नाहीत, डॉक्टर, बघायचं काय आहे?

ह्या दाढेत काही नाहीये, सर. समजतंय का तुम्हाला? काही नाही. दुसऱ्या खेपेनंतर काही नाही. भरायची राहिलेली नाही ही. ठेवलीय.

— नाही, मी ठीक आहे. हसतेय. हे हसूच आहे. कसला हा माणूस! सोमवारी दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, मी निघालो, आणि मग आत जाऊन, दार लावून, तुमच्या चांगल्या दाढेत पांढरं औषध भरत बसतो. परत परत. कुणाला दिसणार आहे? कुणालाच नाही. दाढ उघडून आत बघितल्याशिवाय कुणाला कळणार आहे? आणि आम्ही तर एकमेकांच्या पेशंटला हात लावत नाही. बिस्किट कुठलं होतं हो ते? त्या बिस्किटाचा एक पुडा द्या मला आणून.

तर ऐका. मी भरणार नाही तुमची दाढ. हात वर करू नका, ऐकून घ्या. बंद करते आत्ता, तात्पुरतंच, पण पक्कं, बिस्किटानं पडणार नाही, त्याची हमी माझी. आणि आणखी एक खेप घ्यावी लागेल तुम्हाला, त्याला इलाज नाही, आकाशाकडे बघून मोठ्यानं बोलायचं आणि खाली कोण बसलंय ते बघायचं नाही, त्याचा दंड समजा. परवा या. पण त्या खोलीत जायचं नाही. ह्या खोलीत, ह्या खुर्चीत. ज्यानं उघडी ठेवलीय त्यानं इथे येऊन बंद करावी, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मग तोंडानं सांगावं जायचं आहे की नाही. हॉस्पिटल वाट बघेल. एवढं थांबलंय. आणि जायचंच असेल, खरंच असेल, तर जाऊ दे, मी दार नाही अडवणार — पण हे ताईंना ऐकवून नाही चालायचं. मला सांगावं. मी कुठे चंद्रावर राहते.

हं, चावा. हळू. उंच लागतंय? नाही? लागणारही नाही तुम्हाला, बधिर आहे. चूळ भरा. तिकडे नाही, इकडे. खुर्ची सरळ करते. — नका, नका, बोलू नका. किती अपवाद आहेत ते नका सांगू मला, एक आहे ना, पुरे. का आहे तेही नको. जीभ चावाल. दोन तास काही खायचं नाही, गरम प्यायचं नाही, बोलायचं नाही, टिकली भेटली रस्त्यात तरी तिच्याशीही नाही. उद्या ते आले की मात्र तुम्हीच फोन करा त्यांना. नाही, मी नाही करणार. ताईही नाही. तुम्ही करा. म्हणावं, सिमेंट पडलं होतं, बाईंनी दाढ उघडून बघितली. कोरडी आहे म्हणाल्या. बस्स. पुढे एक शब्द बोलायचा नाही, तेवढं तरी जमेल ना?

ताई! पुढच्यांना पाठवा आत.